सुप्याचा माळ आणि सोनकिडा: पहाटे उठू नका

पक्षी बघायला जातात तसे आम्ही मामा-भाचे सोनकिडा, म्हणजे बाभळीवरचा तो झगझगीत भुंगेरा, बघायला जुलैतल्या एका रविवारी साडेसहालाच बारामती तालुक्यातल्या सुप्याला, मयूरेश्वर अभयारण्यापाशी पोचलो. तिथेच चुकलं. आभाळ गच्च भरलेलं. चिंकारा दिसली, चंडोल दिसले, पण बाभळीमागून बाभळी धुंडाळूनही सोनकिडा एक नाही. सव्वादहाला ऊन पडलं आणि बाहेर, रस्त्याकडेच्या बांधावर एकाच बाभळीवर पाच! उन्हाशिवाय हे महाराज हलत नाहीत. तेव्हा पुण्याहून निवांत निघा, चौफुल्याला पोटभर नाश्ता करा, मग उजवीकडे वळून दहाच्या सुमारास पोचा. पावसाची झड असेल तर घरीच बसा.

आम्हाला दिसला त्याचं शास्त्रीय नाव स्टर्नोसेरा क्रायसिस. चारेक सेंटिमीटर लांब, पाठीवरची टणक झाकणं तांबूस चॉकलेटी, आणि डोक्यामागचा भाग झगझगीत हिरवा. त्यावर शिंप्याच्या अंगुस्तानाला असतात तसे खळगे. हा हिरवा काही रंगद्रव्याचा नाही. कवचाच्या पातळ थरांवरून उजेड परततो, त्याची करामत. म्हणून मेल्यावरही चमक उतरत नाही. इंग्रज नटी एलन टेरीनं 1888 साली शेक्सपिअरच्या नाटकात लेडी मॅकबेथ केली, तेव्हाच्या तिच्या झग्यावर अशाच सोनकिड्यांची हजारेक पंखझाकणं शिवली होती, ती अजून हिरवीगार आहेत. फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा, नुसता पांढरा ठिपका येतो. जरा तिरकं उभं राहून बघा.

भाच्यानं फांदीला बोट लावलं तसा एक टपकन खाली पडला, पाय पोटाशी घेऊन निपचित.

"मामा, मेला?"

"सोंग करतोय. थांब."

मिनिटभरात उठून चालू पडला. ही खोड आपल्या कामाची: शेतमालकाला विचारून फांदीखाली उलटी छत्री धरा आणि फांदी हळूच हलवा. काळ्या कापडावर हिरवा काय उठून दिसतो! अभयारण्यात मात्र हे करायचं नाही, आणि किडा घरी तर कुठूनच आणायचा नाही. आम्ही लहानपणी काडेपेटीत बाभळीचा पाला घालून ठेवायचो, अंडी घातली की वर्गभर मिरवायचो. त्या अंड्यांना झाडाखालची माती हवी असते, हे कुणाच्या गावी होतं?

बूट जाड तळाचे घाला. माझ्या चपलेतून काटा आरपार गेला, गाडी भाच्याला चालवावी लागली. आणि सप्टेंबर उलटल्यावर जाऊ नका. फांद्यांवर काही नसतं. पुढची पिढी तेव्हा जमिनीखाली मुळं कुरतडत असते.