काका, लोकलचे तास पण मोजा ना

आज बारशाला काकांनी पुन्हा तोच विषय काढला. "हल्लीच्या पोरांना कष्टच नकोत." २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी आठवड्याला ७० तास काम करा म्हटल्यापासून आमच्याकडे हे आरतीसारखं म्हटलं जातं.

माझं ऑफिस नऊ तासांचं. बदलापूरहून जाण्यायेण्यात वर तीन-साडेतीन तास, तेही दारात लटकून. रात्री जेवल्यावर लॅपटॉप उघडायचा तो वेगळाच. सत्तरी मी कधीच गाठलीये!

काकांनी कष्ट केले नाहीत असं मुळीच नाही. त्यांच्या काळात गृहकर्जाचं व्याजही जबर होतं, फोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागायचा, काकू रॉकेलच्या रांगेत उभ्या राहायच्या. मान्य. पण डोंबिवलीतलं वन रूम किचन त्यांनी एकट्याच्या कारकुनी पगारावर घेतलं. शिवाय आज महागाई भत्त्यासकट पेन्शन येते. राज्य सरकारने १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांची ती जुनी पेन्शन बंद केली. म्हणजे काकांच्याच खुर्चीत उद्या कोणी नवीन बसला तर त्याला ती नाही. यात त्याच्या आळसाचा काय संबंध?

आम्ही दोघं कमावतो, तरी अजून मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचेच पैसे जमवतोय. डाउन पेमेंट लांबच.

"बाहेरचं खाणं बंद करा," हा सल्ला मिळालाच. पिझ्झा सोडून फ्लॅट होत असता तर अख्खं बदलापूर उपाशी झोपलं असतं.

बाकी, अकरा महिन्यांचा करार संपतोय. घरमालकाने दहा टक्के वाढ सांगितलीये. कल्याणच्या पुढे कुठे स्वस्तात वन बीएचके असेल तर कळवा.