दहा मिनिटांत येतोय

सोमवार, पहाटे 4:10

पीआयसीयूच्या, म्हणजे लहान मुलांच्या आयसीयूच्या बाहेर लोखंडी बाकडी आहेत. तीन-तीन खुर्च्या जोडलेल्या, मधे हात, त्यामुळे आडवं पडायची सोय नाही. ताई भिंतीला डोकं टेकून झोपलीये, तोंड उघडं. दाजी चहाला म्हणून खाली गेलेत, म्हणजे सिगारेटला. मला काही झोप येत नाही. डोळे मिटले की तो धायरीतला कोपरा दिसतो. म्हणून मोबाइलवर लिहून काढतोय.

चिमी म्हणजे माझी भाची, चौदा महिन्यांची. गुरुवारी सर्दी, शुक्रवारी ताप, आणि शनिवारी दुपारपासून तिचं पोट उडायला लागलं. ज्यांच्या घरात लहान मूल आहे त्यांना हा शब्द कळेल. श्वास आत घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतो आणि पोट भात्यासारखं हलतं. आई म्हणाली, छाती भरलीये, ओव्यानं शेका. शेकलं. संध्याकाळी तिनं दूध तोंडात घेतलं आणि तसंच ओठांवाटे सोडून दिलं. नंतर रडताना आवाजच येईना. मी खालून गाडी काढली आणि जवळच्याच एका छोट्या हॉस्पिटलात नेलं. गल्लीच्या तोंडाशीच वळणावर जागा दिसली, गाडी तिथे टाकली आणि पळालो.

तिथल्या डॉक्टर मॅडम वयानं माझ्याएवढ्याच असतील. त्यांनी आधी काही तपासलं नाही, फ्रॉक वर केला, घड्याळ समोर धरलं आणि पूर्ण एक मिनिट नुसते श्वास मोजले. 68. मग बोटाला रक्तातला ऑक्सिजन मोजायची क्लिप लावली. 86. ऑक्सिजन लावल्यावर आकडा 93 वर आला आणि आम्हा सगळ्यांना हायसं वाटलं. मॅडमना नाही वाटलं. त्या म्हणाल्या, वर्ष ते पाच वर्षांच्या मुलाचा श्वास मिनिटाला 40 च्या वर गेला की आम्ही तो जलद धरतो, हिचा 68 आहे. माझ्याकडे लहान मुलांचा आयसीयू नाही. हिला व्हेंटिलेटर लागेल किंवा लागणारही नाही, पण ती वेळ यायच्या आत ही तिथे पाहिजे.

मी म्हणालो, माझी गाडी आहे खाली, निघू का?

"ऑक्सिजन काढून? आणि वडगाव पुलाखाली अडकलात आणि तिथे ती दमली, तर?"

दमली म्हणजे काय हे त्यांनी नीट सांगितलं. इतक्या जोरानं श्वास ओढून ओढून मुलाचे स्नायू थकतात. मग 68 चे 50 होतात, 50 चे 30 होतात. घरच्यांना वाटतं, पोर शांत झालं, आराम पडला. तिथेच घात होतो. हे ऐकल्यापासून ताई दर दोन मिनिटांनी चिमीच्या पोटावर हात ठेवून मोजत बसली होती. जास्त आला तरी भीती, कमी आला तरी भीती.

बेडसाठी सहा ठिकाणी फोन झाले. सव्वाआठला एका ठिकाणी पीआयसीयूत जागा मिळाली, पार स्टेशनच्या बाजूला. डिपॉझिटचा आकडा ऐकून दाजींनी फक्त मान हलवली.

आता गाडी. इथे आमचं चुकलं, आणि ते कुणावर ढकलता येत नाही.

ताईनं 108 लावला होता. ही सेवा महाराष्ट्रात 2014 पासून आहे, पैसे लागत नाहीत, गाडीत डॉक्टर असतो. राज्यात कुठूनही लावला तरी फोन आपल्या पुण्यातच, औंधला उचलला जातो, हे मला ठाऊक होतं. पलीकडच्या बाईंनी वय विचारलं, ऑक्सिजन किती लिटरवर आहे विचारलं, कुठून कुठे न्यायचं विचारलं. आणि तेवढ्यात काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "आपल्या ओळखीची गाडी आहे, कार्डिअ‍ॅक, डॉक्टरसकट. दहा मिनिटांत येतीये." दहा मिनिटं! मी ताईच्या हातातून फोन घेतला आणि म्हणालो, मॅडम, राहू द्या, आमची गाडी आली. "आली" म्हणालो मी. 8:32 झाले होते. कॉल लॉगमध्ये आहे अजून, मी पुसलेला नाही.

दाजी नऱ्ह्याच्या फॅब्रिकेशनच्या शॉपमध्ये आहेत, आयुष्य गॅसच्या सिलिंडरांबरोबर गेलं. हॉस्पिटलातला मोठा जम्बो दुसऱ्या पेशंटला लावलेला होता, चिमी छोट्या सिलिंडरवर. दाजींनी खाली वाकून मीटर बघितला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "पंधराशे लिटरचा आहे. काटा निम्म्यावर, म्हणजे साडेसातशे. मिनिटाला सहा लिटरनं चाललाय. दोन तास पाच मिनिटं." मग म्हणाले, "ताईला नको बोलूस." त्या माणसाला बाकी काही करता येत नव्हतं, म्हणून तो भागाकार करत होता.

मला काम मिळालं कोपऱ्यावर उभं राहायचं. गाडीवाल्याला गल्ली सापडत नाही, कुणीतरी पुढे जाऊन थांबा. प्रत्येक घरात अशा वेळी एक माणूस कोपऱ्यावर पाठवतात, बहुतेक करून मामाच असतो. पाठवणाऱ्यांना बरं वाटतं, काहीतरी चाललंय असं. जाणाऱ्याचे हाल असतात. पेशंट दिसत नाही, गाडीही दिसत नाही.

शनिवारची संध्याकाळ, त्यात गणपती तोंडावर आलेले. कोपऱ्यावर मंडळाच्या मुलांचं मांडवाचं काम चाललं होतं, निम्मा रस्ता बांबू आणि वाशांनी खाल्लेला. पलीकडे वडापावची गाडी, कढईसमोर गर्दी. मी मोबाइलचा टॉर्च लावून उभा. 8:45 ला फोन केला. "स्वारगेट सोडलं, दहा मिनिटं." नऊला केला. "दादा, सिंहगड रोडला लागलोय, ट्रॅफिक आहे, दहा मिनिटांत येतोय." सव्वानऊला उचलला नाही. एकदा सायरन ऐकू आला. मी रस्त्याच्या मधोमध जाऊन हात हलवायला लागलो, वडापाववाल्यानं ओरडून दोन बाइकवाल्यांना थांबवलं. आवाज जवळ आला, खूप जवळ आला, आणि मग मुख्य रस्त्यानं सरळ पुढे निघून गेला. दुसऱ्या कुणाची तरी गाडी. तिथेही कुणी कोपऱ्यावर उभं असेल, आणि माझ्या मनात आलं की त्यांच्याआधी आमच्याकडे यायला हवी होती. आलं मनात, खोटं कशाला लिहू.

लगेच दुसरी गाडी का नाही बोलावलीस, हे काल आईनं विचारलं, मामांनी विचारलं, ऑफिसातल्या एकानं फोनवर विचारलं. त्यांना काय सांगू? पीएमटीच्या स्टॉपवर चाळीस मिनिटं काढल्यावर रिक्षा करवत नाही ना, तसं झालं. आता सोडली तर आतापर्यंतची वाट पाहणी फुकट, आणि आपण फिरलो की बस येणार. दर वेळी फक्त दहाच मिनिटं उरलेली असायची. पाऊण तास थांबा म्हणाले असते तर कोण थांबलं असतं?

9:25 ला मॅडमनीच वरून निरोप पाठवला, 108 परत लावा. लावला. पुन्हा तेच प्रश्न, तेवढ्याच शांतपणे. मघाशी तुम्हीच नको म्हणालात असं त्या बाई म्हणाल्या नाहीत. ही सेवा सुरू झाली तेव्हा राज्यभरासाठी 937 गाड्या होत्या, त्यातल्या 233 व्हेंटिलेटरसारखं सगळं असलेल्या आणि बाकीच्या 704 साध्या, हे मी नंतर इथे बसून वाचलं. म्हणजे दर चारांत एक. त्या एकीसाठी बाई शोधाशोध करत होत्या. सापडली म्हणाल्या. ड्रायव्हरचा नंबर मेसेजनं आला. त्यानं फोनवर दहा मिनिटं वगैरे काही म्हटलं नाही. "वारज्यातून निघालोय, अर्धा तास धरा," एवढंच. अर्धा तास ऐकून पोटात गोळा आला, पण खरं सांगतो, त्या रात्री पहिल्यांदा मी घड्याळावर विश्वास ठेवला.

आईचा फोन. देव पाण्यात घातलेत म्हणाली. तिचा आवाज येत होता आणि मागे नळ चालू होता.

9:54 ला ती आली. मोठी, टेम्पो ट्रॅव्हलरची असते ती. गल्लीच्या तोंडाशी वळली, थांबली, मागे गेली, परत वळली. एका बाजूला मांडवाचे वासे, दुसऱ्या बाजूला एक पांढरी वॅगन-आर. हातभर जागा कमी पडत होती. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"ही पांढरी कुणाची आहे?"

मंडळाची दोन पोरं गाडी उचलायला धावली. एक जण म्हणाला, काय लोक असतात राव, कुठेही लावतात. चावी माझ्या खिशात होती. मी म्हणालो, "थांबा, मी काढतो." काढतो म्हणालो. माझी आहे असं म्हणालो नाही. पोरांना वाटलं असेल, कुणीतरी सज्जन माणूस दुसऱ्याची गाडी बाजूला करतोय. पाऊण मिनिटाचं काम होतं, पण माझा हात इतका थरथरत होता की रिव्हर्स पडेना.

आतल्या डॉक्टरनं घाई केली नाही. मला वाटत होतं, उचला आणि पळा. त्यानं लहान मुलांचा मास्क काढून मापून बघितला, बॅग बघितली, सलाइन बघितलं, मॅडमशी बोलला, पुढच्या हॉस्पिटलला फोन लावला. पंधरा मिनिटं गेली त्यात. दाजी सिलिंडरच्या काट्याकडे बघत होते. मग चिमीला ताईच्या मांडीवर दिलं, पट्टे बांधले आणि निघाले.

मी मागून वॅगन-आर घेऊन. सायरनच्या मागे मोकळ्या झालेल्या जागेत सहा-सात बाइकवाले घुसलेच, नेहमीप्रमाणे. अ‍ॅम्ब्युलन्सला वाट दिली नाही तर 2019 पासून कायद्यात दहा हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे, पण तिच्या शेपटाला धरून पुढे सरकणाऱ्यांचं काय? मीही कॉलेजात असताना हे केलंय, लक्ष्मी रोडवर, उशीर झाला म्हणून. दांडेकर पुलाच्या सिग्नलला एका पोलिसानं चारही बाजू अडवून धरल्या होत्या. तो मला दिसला तो फक्त आरशात, पाठमोरा.

11 ला पाच कमी असताना चिमी आत गेली. दार बंद झालं. दाजी म्हणाले, "सहाशे वीस वापरला असेल." मला आधी कळलंच नाही ते कशाबद्दल बोलतायत.

11:20 ला फोन वाजला. तोच, पहिला.

"दादा, धायरीत आलोय, कुठे यायचं, लँडमार्क सांगा."

माझ्याकडे तीन तास साठवलेल्या शिव्या होत्या. मी म्हणालो, आम्ही पोचलो. पलीकडे एकदम शांतता. मग आवाज खाली आणून त्यानं विचारलं, "बाळ… आहे ना?"

आहे म्हणालो.

"बरं झालं." आणि मग तो आपणहूनच बोलायला लागला. साडेसातला एका म्हाताऱ्या पेशंटला घेऊन तो एका हॉस्पिटलला गेला होता. तिथे कॅज्युअल्टीत बेड रिकामा नव्हता, पेशंट त्याच्याच स्ट्रेचरवर, पॅसेजमध्ये. स्ट्रेचर सुटेना तर गाडी कशी सुटणार. स्वारगेट वगैरे सगळं खोटं, तो तिथून हललाच नव्हता. "मालकांनी सांगितलेलं, दहा मिनिटं सांगत राहा. खरं सांगितलं असतं तर तुम्ही दुसरी गाडी केली असती ना."

केली असती. मी त्याला शिवी दिली नाही. का, ते अजून कळलेलं नाही. द्यायला हवी होती असंही वाटतं.

गुरुवार, रात्री

चिमी वॉर्डात आली. हाय फ्लो, म्हणजे नाकावाटे जोरानं ऑक्सिजन देणारं मशीन, काढलं, व्हेंटिलेटर लागला नाही. ऑक्सिजनशिवाय 97. बोटाची क्लिप काढून टाकते, लाल दिवा दिसतो तो चाटायला बघते, मग मशीन कोकलतं आणि ती दचकते, आणि परत काढते. नर्सबाईंनी पायाच्या अंगठ्याला लावून वर मोजा चढवलाय.

आईनं देव पाण्यातून काढले आणि पेढे आणायला सांगितले. मंडळाच्या मुलांना द्यायला धायरीत गेलो. मांडव पूर्ण झालाय, लाइटिंगच्या माळा चालल्यात. त्या दिवशी गाडी उचलायला धावला होता तो पोरगा शिडीवर होता, खाली उतरला, पेढा घेतला, चिमीची चौकशी केली. मग म्हणाला, "दादा, चालत आलात? गाडी आणायची ना इथे वळणावर, दोन मिनिटांचं तर काम."

गाडी मी मुख्य रस्त्यावर लावून आलो होतो. तीही नो पार्किंगमध्येच, पण तेवढं त्याला सांगितलं नाही.