कापवत नाही

गणपती गेले, जरा ऊन पडलं, आणि दरवर्षीप्रमाणे मी ट्रंक उघडली. वर डांबरगोळ्यांचा वास. त्याच्या खाली टांझानियातल्या दार-एस-सलामच्या दमट कपाटाचा, पण तो मला एकटीलाच येतो, घरात बाकी कुणाला येत नाही. आत बत्तीस कापडं. अकरा वर्षं झाली, मी ती बाहेर काढते, उन्हात घालते, घडी उलटी करते आणि परत ठेवते. नवरा ह्याला 'आफ्रिकेचं श्राद्ध' म्हणतो. पक्ष पंधरवड्यातच येतं, तेव्हा बोलताही येत नाही.

यंदा मात्र कात्री घेऊनच बसले. म्हटलं, गोधडी करून टाकू.

आम्ही तिथे सहा वर्षं होतो. उहुरू रस्त्यावर कापडाची दुकानं एकाला एक लागून. दुकानाला तिथे दुका म्हणतात, गाडीला गारी, पैशाला पेसा. पहिल्याच आठवड्यात मला स्वाहिली येते असा माझा समज झाला. समज टिकला नाही, कापडं टिकली. भाजीला जायचं म्हणून निघायचं आणि किटेंगे, म्हणजे तिथलं रंगीबेरंगी छापील सुती कापड, घेऊन यायचं. ह्यावर पंखे, त्यावर कोंबडी आणि तिची अंडी, एकावर चक्क विजेचे बल्ब. मूळ कल्पना जावा बेटावरच्या बाटिकची, म्हणजे मेण लावून रंगवलेल्या कापडाची. डचांनी तिची यंत्रावर नक्कल केली. नेदरलँड्समधल्या हेल्मोंडची व्लिस्को ही कंपनी तर 1846 पासूनची. कापड रुजलं मात्र पश्चिम आफ्रिकेत. मेण तडकून पडतात तशा त्या बारीक रेघा, दोन्ही बाजूंनी सारखाच रंग. टोगो देशातल्या लोमे शहरातल्या बायका ह्याच कापडाच्या व्यापारावर मर्सिडीजमधून फिरायला लागल्या आणि लोक त्यांना 'नाना बेंझ' म्हणू लागले. नाना म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे धोतर आणि काळी टोपी येते, त्याला इलाज नाही. तिथे नात्यांचा घोळच होता. बाईला तिच्या मुलाच्या नावाने हाक मारतात, आधी 'मामा' लावून. म्हणजे मी माझ्याच लेकाची मामा. आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग जावईबापू कोण तुझे, मामी?"

तर कात्री. पुठ्ठ्याचा सहा इंची चौकोन कापून घेतला, पहिलं किटेंगे पसरलं, खडूने रेघ मारली. आणि हात चालेना.

माझी आजी वाकळ शिवायची. वाकळच म्हणायची, गोधडी हा शब्द आमच्या घरात शहरातल्या सुनांबरोबर आला. उन्हाळ्याची दुपार, सोप्यात जुनं लुगडं अंथरलेलं, चारी कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा आणि परड्यातले दोन धोंडे. वाऱ्याने हलू नये म्हणून. सुयांत दोरा ओवायचं काम माझं. एकदम सहा सुया ओवून उशीत टोचून ठेवायच्या, कारण मी खेळायला पळाले की तिची पंचाईत. बोहारणीला देण्यातून उरलेलं, धुऊन धुऊन जाळी झालेलं सगळं त्यात जायचं. धावदोरा घालता घालता ती ठिगळं ओळखायची: हा आत्याचा परकर, हे आजोबांचं धोतर, ही काकूची साडी, "हिचा पदर पेटला हुता बघ चुलीत." एकदा तिला बरं वाटावं म्हणून मी शिंप्याकडून नव्या कोऱ्या खणाचं कातरण आणलं. हिरवंगार, जरीचं. तिने दोन बोटांत धरून चुरगाळलं आणि परत दिलं. "नवं चावतंय," म्हणाली. "अंगाला घासून मऊ झाल्याबिगर वाकळंत घ्यायचं न्हाई."

शेवटचं ठिगळ बंद करायच्या आधी ती आत पोळीचा एवढासा तुकडा सरकवायची. वाकळ उपाशी राहू नये म्हणून. मुंग्यांचं काय, असं मी विचारलं होतं. उत्तर मिळालं नव्हतं.

तर माझी बत्तीसच्या बत्तीस कापडं चावणारी. कुणाच्या अंगाला लागलेली नाहीत, चुलीजवळ गेलेली नाहीत. त्यांना आठवणार काय? दुकान, आणि फार तर पिशवी. काहींची खळसुद्धा अजून गेलेली नाही, चुरगाळलं की कागदासारखी वाजतात.

एकतीस, खरं तर. एक कांगा वापरलेला आहे.

कांगा म्हणजे तिथल्या बायका अंगाभोवती गुंडाळतात ते छापील कापड. जोडीनेच विकतात, जोडीला डोटी म्हणतात. प्रत्येकाला काठ, मधल्या भागाला 'म्जी', म्हणजे गाव, आणि खालच्या बाजूला छापलेलं एक वाक्य. त्या वाक्याला नाव म्हणतात. समोरच्या घरातल्या बाई नातीला पाठीशी बांधायच्या तो हा कांगा. लाल-काळा, लाल आता विटकरी झालेला. आम्ही निघालो तेव्हा त्यांनी डोटीतला एक माझ्या हातात ठेवला, दुसरा स्वतःकडे ठेवला. घरी येऊन पाहिलं तर किनारीवर बारीक अक्षरांत 'मेड इन इंडिया'. पूर्व आफ्रिकेसाठीचे कांगे सौराष्ट्रात जेतपूरला छापतात, हे मला तेव्हा कुठे माहीत होतं! म्हणजे मी विमानाचं वजन भरून आणलं काय, तर आपलंच.

ह्या कांग्याचं नाव, 'हराका हराका हाइना बाराका'. हराका म्हणजे घाई, हाइना म्हणजे नाही, आणि बाराका आपली बरकत. घाईत बरकत नाही. अरबीतून निघालेले हेच दोन शब्द आपल्याकडे हरकत आणि बरकत होऊन राहिले.

अकरा वर्षं कापडं ट्रंकेत ठेवलेल्या बाईला घाईबद्दल कुणी बोलू नये. मी नव्या किटेंग्यांना मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवलं, आणि हा आधी कापायला घेतला. कसा घेतला, सांगता येत नाही; चहा गॅसवर होता, तो उतू जायच्या आत कापला एवढंच. पुठ्ठा तीनदा सरकवल्यावर शब्द बरोब्बर वेगळे झाले, चार चौकोनांत चार. दोन्ही हराका दोन टोकांना लावले. बाराका मध्यभागी.

उरला हाइना. कशाच्याही शेजारी ठेवला की गोधडीभर नाही-नाही. शेवटी मशीनला तेल घातलं, ते पुसायला घेतला. तेवढ्यात कामाच्या मावशी केर काढता काढता वाकल्या. त्यांची नात शाळेत इंग्रजी शिकते, तिच्याबरोबर त्याही अक्षरं जुळवतात. रोमन अक्षरांवर बोट ठेवत त्यांनी वाचलं,

"है... ना? वहिनी, काय है ना?"

तुकडा अजून मशीनवरच आहे. गोधडीचं शेवटचं ठिगळ बंद व्हायचंय, आणि आज नेमकी पोळी उरली नाही.