कूलरच्या गवतावरचा क्षार आणि मामाची नडगी

दोन वर्षांपूर्वी वर्धा रोडवर मामाची नडगी मोडली. हाड जुळेना, म्हणून डॉक्टरांनी त्याच्याच कमरेच्या हाडाचा तुकडा काढून ती फट भरली. पाय जुळला. पण आजही खुर्चीत टेकताना त्याचा हात कमरेवर जातो. "पायाचं जाऊ दे बेटा, ही कंबरच दुखून राहिली."

माझी पीएचडी ही कंबर वाचवण्यासाठीच आहे. फटीत सच्छिद्र सांगाडा बसवायचा, पेशींनी त्यात शिरून नवं हाड घडवायचं आणि सांगाडा हळूहळू विरून जायचा. माझा सांगाडा पॉलिकॅप्रोलॅक्टोन या, शरीरात हळूहळू विरणाऱ्या प्लास्टिकचा. ते साधारण ६० अंशांना वितळतं, म्हणून थ्रीडी प्रिंटरवर सहज छापता येतं. पण हाडाला ते परकंच. पाण्याचा थेंबसुद्धा त्यावर पसरत नाही, फुगून बसून राहतो. पेशीही नीट चिकटत नाहीत.

म्हणून त्यावर हाडातल्या खनिजासारखा, अ‍ॅपेटाइटचा थर चढवायचा. अशा थराशी हाड थेट जुळतं, हे लॅरी हेंच यांच्या १९६९च्या बायोग्लास या खास काचेने दाखवलं होतं; शरीरात तिच्यावर असाच थर धरतो. थर चढवायची माझी रीत जपानचे संशोधक कोकुबो यांची. त्यांच्या द्रावणात जवळपास रक्तातल्या पाण्याइतकेच क्षार असतात: लिटरमागे कॅल्शियम २.५ मिलिमोल, फॉस्फेट १, पीएच ७.४, तापमान ३६.५ अंश. आधी सांगाडा कॉस्टिक सोड्यात बुडवते. त्याने पृष्ठभागावर कार्बोक्सिल गट, म्हणजे ऋण भाराची रासायनिक टोकं, उघडे पडतात, ते कॅल्शियमला ओढतात, कॅल्शियम फॉस्फेटला, आणि दाणे धरायला लागतात.

मामाला हे सांगताना मी आमच्या कूलरच्या गवतावरचा पांढरा क्षार दाखवला. तो लगेच म्हणाला, "म्हणजे पाणी आटवायचं." नाही, हाच तर फरक! कूलरमध्ये पाणी उडून जातं आणि क्षार मागे उरतो. माझ्या बाटलीत पाणी तेवढंच राहतं. त्यात क्षार आधीच मावेल त्याहून जास्त असतो, फक्त बसायला जागा शोधत असतो. ती जागा सांगाड्यावरच मिळाली पाहिजे. म्हणून काचेचं भांडंही चालत नाही, काचेवरच्या ओरखड्यावर दाणे धरतात.

मे महिन्यात नेमकं इथेच बिनसलं. इन्क्युबेटर गरम करतो, थंड करत नाही. नागपुरात बाहेर ४५ अंश! एका दुपारी वीज गेली, एसी बंद पडला, खोली ४१ वर गेली. संध्याकाळी पाहते तर सगळ्या बाटल्या ताकासारख्या गढूळ. खनिज तळाशी बसलेलं, सांगाडे जवळजवळ कोरे. नऊ दिवसांचं काम ओतून द्यावं लागलं. त्या रात्री मी जेवले नाही.

जुलैत, पाऊस लागल्यावर, पुन्हा सुरुवात केली. दर दोन दिवसांनी ताजं द्रावण, असे चौदा दिवस. सूक्ष्मदर्शकाखाली सांगाड्याच्या धाग्यांवर फुलकोबीच्या गड्ड्यांसारखे बारीक गोळे दिसले, आणि मुख्य म्हणजे छिद्रं बुजली नव्हती. थर जाड झाला असता तर पेशी आत शिरणार कुठून? मी एका तुकड्यावर थेंब टाकला. तो पसरला आणि आत जिरला.

एक जास्तीचा तुकडा घरी आणला होता. मामाने तो नडगीवर ठेवून पाहिला. "हे चाललं असतं?"

"अजून नाही," मी म्हटलं. "नडगीचा भार याला पेलणार नाही. आणि पेशी अजून टाकायच्या आहेत. सोमवारी टाकते."

"मग सोमवारी फोन कर," तो म्हणाला, आणि तुकडा रुमालात गुंडाळून परत दिला.