नारळी काठ आणि काकांचं भिंग

नाशिकरोडला बिटको चौकाजवळ आमचा फोटो स्टुडिओ आहे, वडिलांनी सुरू केलेला. रोजचं काम पासपोर्ट साइज फोटोंचं. लग्नसराईत अल्बम असतात. आणि अधूनमधून एक काम येतं, ज्याला आम्ही जोडफोटो म्हणतो. दोन निरनिराळ्या फोटोंतली माणसं एका फोटोत आणायची. बहुतेक वेळा त्यातलं एक माणूस हयात नसतं.

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट थांबले. आमचा जुना संगणक विंडोज ११ घेईना, म्हणून एमजी रोडवरून नवा आणला. जुन्या मशीनवर एकदाच पैसे भरून घेतलेलं फोटोशॉप होतं. त्या म्हाताऱ्या आवृत्तीच्या भरवशावर नवं मशीन चालवायचं नव्हतं. तेव्हा आता कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं, हा प्रश्न पडला. फोटोशॉप घ्यायचं तर आता भाडं भरत राहावं लागतं, विकत मिळत नाही. जिंप पूर्ण फुकट आहे आणि इंटरनेटशिवाय चालतं. ॲफिनिटी आधी विकत होतं, कॅनव्हा कंपनीने ते त्याच ऑक्टोबरच्या अखेरीस फुकट केलं. त्यातली एआयची साधनं मात्र कॅनव्हाचं पैसे भरलेलं खातं असेल तरच मिळतात. फोटोपी ब्राउझरमध्ये उघडतं, फोटोशॉपची पीएसडी फाइलही उघडतं, आणि फोटो आपल्याच संगणकावर राहतो. शिवाय फोटो चढवला की क्षणात बॅकग्राउंड काढून देणाऱ्या वेबसाइट ढिगाने आहेत.

दुकानातल्या पोराचा कल त्या वेबसाइटकडे होता. पासपोर्ट फोटोला पांढरं बॅकग्राउंड लागतं, ते तिथे एका क्लिकवर होतं. त्याचं बरोबरच होतं. साध्या भिंतीपुढे बसलेलं गिऱ्हाईक, नीट विंचरलेले केस, सारखा उजेड. असा फोटो आज कुठलंही सॉफ्टवेअर सुबक कापतं. म्हणूनच त्या कसोटीवर निवड करण्यात अर्थ नव्हता.

खरी कसोटी दिवाळीच्या आदल्या आठवड्यात दुकानात चालत आली. जेलरोडचे एक काका आणि त्यांची मुलगी. काका नोट प्रेसमधून निवृत्त झालेले. नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेस १९२५ पासून आणि नोट प्रेस १९२८ पासून आहे, त्यामुळे आमच्या गिऱ्हाइकांत प्रेसची माणसं नेहमीचीच. पण या काकांचं काम छापून आलेले नोटांचे ताव तपासण्याचं होतं. छपाई केसभर सरकली, रंग रेषेबाहेर गेला की तो ताव बाजूला. उभी नोकरी त्यात गेली. खिशात अजून भिंग होतं.

मुलीने पिशवीतून पोस्टकार्ड साइजचा एक फोटो काढला. १९८६ साली येवल्याला भाचीच्या लग्नात काढलेला. काकू कमरेपर्यंत दिसत होत्या. नाकात नथ, अंगावर पैठणी, खांद्यावरून आलेल्या पदराचा नारळी काठ अगदी स्पष्ट. मागे मांडवाचं निळं कापड. रंग लालसर पडले होते. त्या काळच्या रंगीत प्रिंटांत बऱ्याचदा निळसर-हिरवा थर आधी उडतो आणि सगळा फोटो तांबूस दिसायला लागतो. काकू १९९६ मध्ये गेल्या. दिवाळीला तिन्ही मुलं, सुना, नातवंडं जमणार होती. त्या सगळ्यांच्या फोटोत काकू हव्या होत्या, सोळा बाय चोवीस इंचाच्या फ्रेममध्ये.

मुलीने नमुना म्हणून आधीच्या दिवाळीचा मोबाइलवरचा घरचा फोटो दिला. मुद्दामच मी तेच काम तीन प्रकारे करून बघायचं ठरवलं. एक, वेबसाइटवरून कापून चिकटवलेलं. दुसरं, जुने फोटो नवे करून देणाऱ्या एका एआय ॲपमधून काढून जोडलेलं. तिसरं, जिंपमध्ये हाताने मास्क करून, म्हणजे फोटो न कापता नको तो भाग नुसता झाकून. वेबसाइट आणि ॲपवर फोटो बाहेर जाणार होता, म्हणून आधी विचारलं. मुलगी हो म्हणाली. तिन्हींचे छोटे प्रिंट काढले आणि दोघांना बोलावलं.

मुलीला दुसरा प्रिंट बघताक्षणी आवडला. "अय्या ताई, आई कित्ती छान दिसतेय!" चेहरा तुकतुकीत, डोळे टपोरे, कुठे सुरकुती नाही. काकांनी भिंग लावलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग प्रिंट खाली ठेवून म्हणाले, "ही आमची नाही."

त्यांनी बोट ठेवून दाखवलं. वरच्या ओठाशी लहानसा व्रण होता, तो गेला होता. नथीतले मोती एकमेकांत मिसळून एक पांढरा ठिपका झाला होता. आणि पैठणीचा काठ. नारळी काठाच्या जागी कसलीतरी पानांची वेल आली होती. "ही पैठणी येवल्याच्या मागावरून मी स्वतः आणली आहे ताई. असा काठ नव्हता."

एआय ॲप जे करतं ते मला ठाऊक होतं, पण इतक्या जवळून कुणी दाखवलं नव्हतं. फोटोत नसलेला तपशील ते शोधून काढू शकत नाही. हजारो चेहरे आणि साड्या बघून ते इथे साधारण काय असेल याचा अंदाज रंगवतं. अंदाज सुंदर असतो, म्हणून चटकन पटतो. मांडवातल्या कनातीची सुरकुती त्याने भरली तर कुणाचं काही बिघडत नाही. गेलेल्या माणसाच्या चेहऱ्यात मात्र अंदाज चालत नाही, हे माझं ठाम मत आहे. घरातली लहान मुलं पुढे हाच चेहरा आजी म्हणून ओळखणार असतात.

मुलीने मग हळूच विचारलं, "एआयने आईचं वय वाढवता येईल ना? बाबांच्या शेजारी फार लहान दिसतेय."

काका लगेच म्हणाले, "नको. ती जेवढी जगली तेवढीच राहू दे."

पहिल्या, वेबसाइटवरच्या प्रिंटमध्ये त्यांना वेगळं दिसलं. "हिच्या केसांना निळी रेघ आहे. छपाई सरकल्यासारखी." अगदी खरं होतं. केसांच्या कडेच्या पिक्सेलमध्ये केसाचा काळा आणि मागच्या मांडवाचा निळा मिसळलेला असतो. बॅकग्राउंड काढलं तरी तो मिसळलेला निळा कडेला चिकटून येतो, आणि घरच्या फोटोतल्या पिवळ्या भिंतीपुढे उठून दिसतो. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये त्या कडेचा रंग केसांच्या रंगाने बदलता येतो. क्लिक मारून मिळालेल्या तयार पीएनजी फाइलमध्ये मात्र वेगळा मास्क नसतो, कापले गेलेले केस परत आणता येत नाहीत.

मास्कचं महत्त्व मी आमच्या पोराला त्या दिवशी पुन्हा समजावलं. रबराने पुसलं तर पुसलेलं गेलं. मास्कमध्ये फोटो तसाच राहतो. काळ्याने झाकतो, पांढऱ्याने दाखवतो, करड्याने अर्धवट दाखवतो. चार दिवसांनी गिऱ्हाईक म्हणालं की केस थोडे अजून हवेत, तर पांढरा ब्रश फिरवायचा. १९९० साली आलेल्या फोटोशॉपमध्ये सुरुवातीला लेयर, म्हणजे एकावर एक ठेवायचे वेगळे थरसुद्धा नव्हते, ते १९९४ च्या ३.० आवृत्तीत आले. त्याआधी एकदा चिकटवलं की चिकटलं. माझे वडील तर ब्लेडने फोटो कापायचे, मागून काचकागदाने कड पातळ घासायचे, म्हणजे जाडीची सावली पडू नये, मग चिकटवून ब्रशने रंग भरून पुन्हा फोटो काढायचे.

तिसऱ्या प्रिंटमध्ये चेहरा काकूंचाच होता, काठ नारळीच होता. तरी काका म्हणाले, "बसत नाहीये." यात दोष सॉफ्टवेअरचा नव्हता. जुन्या फोटोत उजेड डावीकडून आलेला, मोबाइलच्या फोटोत उजवीकडच्या खिडकीतून. सोपा इलाज म्हणजे काकूंचा फोटो आरशातल्यासारखा उलटा करणं. पण मग डाव्या नाकपुडीतली नथ उजवीकडे जाते आणि डाव्या खांद्यावरचा पदर उजव्या. आपल्याकडच्या कुठल्याही बाईच्या नजरेला ते लगेच खटकेल. सॉफ्टवेअरने कृत्रिम उजेड टाकता येतो, पण नाकाची, हनुवटीची मूळ सावली चेहऱ्यावर तशीच राहते.

म्हणून मी त्यांना म्हटलं, "काकूंचा फोटो बदलायचा नाही. तुमचा नवा फोटो त्यांच्यासारखा काढू."

भाऊबीजेला सगळे घरी होते. लाइट घेऊन मी जेलरोडला गेले. काकूंच्या चेहऱ्यावर उजेड ज्या बाजूने आणि जितक्या उंचीवरून होता, तसाच सॉफ्टबॉक्स, म्हणजे मऊ उजेड देणारा लाइट लावला. कॅमेरा काकूंच्या फोटोत होता तसा छातीच्या उंचीवर ठेवला. कॅमेरा वरखाली झाला की जोडलेलं माणूस तरंगल्यासारखं दिसतं. काकांना मध्ये खुर्चीवर बसवलं. काकू कमरेपर्यंतच होत्या, त्यामुळे त्या खुर्चीमागे उभ्या राहणार होत्या. खुर्चीची पाठ आणि काकांचा खांदा यांमागे कापलेली कड आपोआप लपते. जागा राखायला तिथे मुलीला उभं केलं. "आई माझ्या कानापर्यंत यायची," ती म्हणाली. त्या एका वाक्याने उंचीचा प्रश्न सुटला. तिला उभी करून एक फोटो मापासाठी, तिला शेजारी सरकवून दुसरा कामासाठी.

मग स्कॅन. प्रिंट खरखरीत सिल्क कागदावरचा होता. तसा कागद स्कॅनरच्या उजेडात ठिपके दाखवतो. म्हणून एकदा सरळ आणि एकदा डोकं खाली करून स्कॅन केला, दुसरा सुलटा फिरवून दोन्ही एकावर एक बसवले आणि वरच्या लेयरची ओपॅसिटी निम्मी केली, म्हणजे तो अर्धा पारदर्शक केला. ठिपके बरेच विरले. ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके धरून, तो नखाएवढा चेहरा साधारण साडेतीनशे पिक्सेलचा झाला. ३०० डीपीआयच्या प्रिंटमध्ये तो इंचाहून थोडा मोठा येतो, आणि ग्रुप फोटोत चेहरा तेवढाच लागत होता. म्हणजे एआयने मोठं करण्याची गरजच नव्हती. हे गणित आधी करायला हवं. बरेच जण न करताच ॲपकडे धावतात.

लाल छटा कर्व्ह्ज या रंग कमीजास्त करायच्या साधनात एकेका रंगाची उतरवली. पदराच्या जरीवरून अंदाज घेता आला, शिवाय मुलीने तीच पैठणी कपाटातून काढून आणली होती. काठाचा रंग साडी समोर ठेवून जुळवला. काकू सर्वांत मागे नाहीत, भिंतीच्या पुढे आणि काकांच्या मागे आहेत. म्हणून काकांचा वेगळा लेयर करून त्यांच्या खांद्याचाही मास्क केला. खुर्चीच्या पाठीवर काकूंची फिकी सावली. शेवटी सगळ्या फोटोवर एकसारखा बारीक ग्रेन, म्हणजे दाणेदारपणा, नाहीतर जुना चेहरा मऊ आणि नवे चेहरे धारदार राहतात आणि जोड तिथेच उघडा पडतो. केसांना मात्र वेळ लागला. जिंपमध्ये केसांचं काम फोटोशॉपइतकं झटपट होत नाही, हे मान्य करते. पण मार्च २०२५ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीपासून त्यातले फिल्टर नंतरही बदलता येतात, आणि या कामात तेच लागलं.

प्रिंट बघायला काका एकटेच आले. भिंग काढून डावीकडून उजवीकडे सावकाश गेले, ताव तपासत असतील तसे. केस, नथ, काठ. मग म्हणाले, "खुर्चीवरची सावली जास्त गडद आहे." मी फाइल उघडली, सावलीच्या लेयरची ओपॅसिटी कमी केली. त्यांनी स्क्रीनवर बघून मान डोलावली. प्रिंट पुन्हा काढला. पैसे देताना त्यांनी मूळ फोटो मागून घेतला आणि पाकिटात ठेवला.

त्यानंतर आमची निवड ठरायला वेळ लागला नाही. मुख्य मशीनवर फोटोशॉप भाड्याने घेतलं, कारण अल्बमचं काम देणारे-घेणारे सगळे पीएसडीत बोलतात, आणि मोसमात केसांच्या कटिंगला वेळ नसतो. मराठी जोडाक्षरं त्यात फुटत नाहीत ना, ते तपासावं लागतं. पत्रिका करणाऱ्यांनी हे पहिल्याच दिवशी बघावं. दुसऱ्या मशीनवर जिंप आहे. तिथे पासपोर्टचे फोटो होतात, आणि घरातले जुने फोटो इंटरनेटवर जाऊ नयेत असं ज्यांना वाटतं त्यांचं कामही तिथेच. एआयने भरलेला भाग फक्त बॅकग्राउंडमध्ये वापरतो, तोही गिऱ्हाइकाला सांगून. मला कुणी विचारलं की काय घेऊ, तर मी एवढंच सांगते की आपला सगळ्यात अवघड फोटो घेऊन बसा, उडते केस आणि जरीचा काठ असलेला. कापून झाल्यावर काय काय दुरुस्त करता येतं ते बघा आणि मग पैसे भरा.

परवा काकांचे प्रेसमधले एक जुने सहकारी आले. त्यांना आईवडिलांचा जोडफोटो हवा आहे. फोटो व्हॉट्सॲपवर चार ठिकाणांहून फिरून आलेला, दाबून दाबून चेहऱ्याचे चौकोन झालेले. मूळ प्रिंट कुठे आहे विचारलं तर म्हणाले, सिन्नरला भावाकडे भिंतीवर. फ्रेममधून काढू नका, तशीच घेऊन या, असं सांगितलंय. रविवारी आणतायत.