तोर्नेत्रेस्क सरोवराच्या काठावरून ध्रुवीय प्रकाश: माझा अनुभव

नॉर्दर्न लाइट्स, म्हणजे उत्तरेकडचा ध्रुवीय प्रकाश, पाहायला जायचे ठरले की बहुतेकांचा पहिला प्रश्न कोणत्या देशात जावे हा असतो. मी सुरुवात ढगांपासून केली. डिचोली तालुक्यातील एका शाळेत मी निवृत्तीपर्यंत भूगोल शिकवला, त्यामुळे असेल कदाचित. ध्रुवीय प्रकाश जमिनीपासून साधारण १०० किलोमीटरच्या वर निर्माण होतो आणि ढग असतात दहा-बारा किलोमीटरच्या आत. तेव्हा वर आकाश कितीही उजळले असले तरी खाली ढगांचे आच्छादन असेल तर पाहणाऱ्याच्या वाट्याला काहीच येत नाही. नॉर्वेच्या किनाऱ्यावर अटलांटिकची दमट हवा सतत येऊन धडकते आणि तिथे ढग फार. तीच हवा डोंगर ओलांडून पूर्वेला स्वीडनमध्ये उतरते तेव्हा कोरडी झालेली असते, आणि नेमके तिथेच तोर्नेत्रेस्क हे सुमारे ७० किलोमीटर लांबीचे सरोवर आहे. चोर्ला घाट चढून बेळगावकडे जाताना पाऊस कसा ओसरत जातो ते आपण गोव्यातील माणसे दर वर्षी पाहतो. तिथला प्रकार त्याच जातीचा आहे. सरोवराच्या दक्षिण काठावरील आबिस्को या गावात वर्षभरात ३०० मिलिमीटरच्या आसपासच पाऊस आणि बर्फ पडतो, म्हणजे गोव्याच्या जेमतेम एक दशांश. आजूबाजूला सगळीकडे ढग असताना सरोवरावरचा आकाशाचा तुकडा मोकळा राहतो, अशी त्या जागेची ख्याती आहे. उत्तर ध्रुववृत्ताच्याही जवळपास २०० किलोमीटर उत्तरेला असलेले हे गाव नकाशावर सापडले आणि माझा शोध संपला.

त्यानंतर प्रश्न आला काळाचा. उन्हाळ्यात तिथे कित्येक आठवडे सूर्य मावळतच नाही, त्यामुळे मे ते जुलै हे महिने आपोआप गळतात. विषुवदिनांच्या सुमारास, म्हणजे मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास, सौर वाऱ्यातील, म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या विद्युतभारित कणांच्या प्रवाहातील, आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रांची मांडणी अशी असते की ती एकमेकांना अधिक सहज जोडली जातात, आणि ध्रुवीय प्रकाश उजळवणारी चुंबकीय हालचाल वाढते. मार्चमध्ये सरोवर गोठलेले असते, सप्टेंबरमध्ये पाणी मोकळे असते. मला तो प्रकाश पाण्यात उतरलेला पाहायचा होता, म्हणून सप्टेंबर. चंद्राचा उजेड नको, यासाठी भिंतीवरचे पंचांग पुरेसे होते: २०२५ साली सर्वपित्री अमावस्या २१ सप्टेंबरला होती, आणि शुद्ध पक्षातील पहिल्या दिवसांची कोर संध्याकाळीच मावळते. पितृपक्षात इतका लांबचा प्रवास नको, असे सासूबाईंचे म्हणणे होते. महालय आटोपले, त्यांच्या पाया पडले आणि मगच मी आणि माझा धाकटा भाऊ मोपा विमानतळावरून निघालो. त्या वर्षी देवळातला मखरोत्सव मात्र चुकला, त्याची रुखरुख अजून आहे.

कागदपत्रांविषयी थोडक्यात सांगते, कारण त्यात अवघड काही नाही, फक्त आधी लागावे लागते. स्वीडनसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातील अनेक देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी करावाच लागतो; प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे, आणि प्रवास विम्याचे संरक्षण किमान ३०,००० युरोंचे असावे लागते. बँकेचे व्यवहार, राहण्याचे आरक्षण, निवृत्तिवेतनाचे कागद आणि परतीचे तिकीट एकाच क्रमाने लावून नेले की खिडकीवर विचारलेला कागद लगेच हाती लागतो. राहण्याची जागा सर्वांत आधी पक्की करावी, असे मी आग्रहाने सांगेन. आबिस्को लहान गाव आहे आणि तिथल्या खोल्या लवकर संपतात.

खरी तयारी गोव्यातच झाली, आणि ती पावसाळ्यापूर्वी. जूनपासून आपल्याकडे आकाश बंदच होते, म्हणून एप्रिल-मे महिन्यांत आम्ही सुर्लाच्या सड्यावर रात्री जाऊन बसत असू. आधी पेडण्यातल्या केरीच्या किनाऱ्यावर पाहिले होते, पण समुद्रातील ट्रॉलरांचे दिवे क्षितिज उजळून टाकतात. सड्यावर कातळावर तिपाई रोवून, डोळ्यांवर भरवसा न ठेवता केवळ बोटांच्या स्पर्शाने कॅमेऱ्याची चाके फिरवण्याचा सराव केला. एखादा ठळक तारा पडद्यावर मोठा करून तो अगदी टाचणीच्या टोकाएवढा होईपर्यंत फोकस हाताने जुळवायचा आणि मग त्या कड्यावर कागदी चिकटपट्टी लावून टाकायची, ही युक्ती भावाने तिथेच बसवली. भिंगाचे छिद्र पूर्ण उघडे, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) ३२००च्या आसपास आणि पाच ते दहा सेकंदांचे एक्स्पोजर, या आकड्यांवरून सुरुवात करावी. प्रकाश वेगाने हलू लागला तर वेळ दोन-तीन सेकंदांवर आणावी, नाहीतर प्रकाशाच्या सगळ्या घड्या एकमेकींत मिसळून नुसता हिरवा धूर उमटतो. टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटिन कागद दुहेरी करून रबराने बांधला होता. अंधाराला डोळे सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि पांढऱ्या दिव्याच्या एका झोताने ती सगळी मेहनत फुकट जाते.

प्रवासात स्टॉकहोमपासून रात्रीची गाडी घेतली. ती उत्तर स्वीडनमधील किरुनामार्गे नॉर्वेतील नार्विकला जाते आणि आबिस्कोला थांबते. किरुना सोडल्यावर उजव्या बाजूच्या खिडकीत बसावे, कारण सरोवर त्या बाजूला आहे. समोरून लोहखनिज उतरवून परतणाऱ्या रिकाम्या वाघिणींची लांबच लांब मालगाडी गेली. किरुनाच्या खाणीतले खनिज याच मार्गाने नार्विक बंदराला जाते. मांडवीतून खनिजाचे बार्ज जाताना पाहत लहानाची मोठी झालेली मी, त्या गाडीकडे ती दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिले.

आता मुख्य मुद्दा, रात्रीचा निर्णय कसा घ्यायचा हा. बहुतेक ॲप केपी हा आकडा ठळक अक्षरांत दाखवतात. शून्य ते नऊ या मोजपट्टीवरील हा आकडा साऱ्या पृथ्वीवरील चुंबकीय हालचालीची तीन-तीन तासांची गोळाबेरीज सांगतो, त्यामुळे पुढच्या वीस मिनिटांत काय होणार हे त्यावरून कळत नाही. शिवाय आबिस्को हे ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्याखालीच येते, तेव्हा तिथे केपी दोन असतानाही उत्तम दर्शन घडू शकते. मी तीन गोष्टी पाहत असे, आणि याच क्रमाने: आधी उपग्रहाच्या चित्रातील ढग, मग सौर वाऱ्यासोबत येणाऱ्या चुंबकीय क्षेत्राचा बी-झेड हा उत्तर-दक्षिण दिशेचा घटक, आणि शेवटी जमिनीवरचे चुंबकीय बदल टिपणाऱ्या किरुनाच्या चुंबकमापकाची रेषा. बी-झेड दक्षिणेकडे वळला, म्हणजे आकडा उणे झाला आणि काही काळ तसाच राहिला, की पृथ्वीच्या चुंबकीय कवचात ऊर्जा साठू लागते. हे मोजणारी याने पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर, सूर्याच्या दिशेने असतात. आपले आदित्य-एल१ देखील जानेवारी २०२४ पासून त्याच परिसरात आहे. सौर वारा सेकंदाला ४५० किलोमीटर वेगाने येत असेल तर तिथून आपल्यापर्यंत पोहोचायला त्याला सुमारे ५५ मिनिटे लागतात. कपडे चढवून काठावर जायला तेवढा वेळ पुरतो. चुंबकमापकाची रेषा एकाएकी खाली कोसळली, तर मात्र मोबाइल खिशात टाकून बाहेर पडावे. १७४१ साली स्वीडनमधल्याच उप्साला येथे सेल्सियस आणि ह्योर्टर या खगोलशास्त्रज्ञांनी प्रकाश हलताना होकायंत्राची सुईही हलते हे टिपले होते. ती रेषा म्हणजे त्याच सुईची आजची नोंद आहे, या विचाराने मला त्या आलेखाचा फार आदर वाटत असे.

पहिल्या संध्याकाळी ढग होते आणि काही दिसले नाही. पुढे एका रात्री पश्चिमेचा वारा सुटला, नार्विककडचे डोंगर ढगांत बुडाले आणि सरोवरावर खरोखरच मोकळी जागा पडली. बी-झेड तासाभरापासून उणे होता, केपी दोन-तीनच्या पुढे गेला नव्हता. तापमान शून्याच्या आसपास असेल. अंगाला चिकटून लोकरीची वस्त्रे, त्यावर जाड स्वेटर आणि वरून वारा अडवणारे जाकीट असे तीन थर होते. सर्वांत आधी पाय गारठतात, म्हणून पायाखाली टाकायला फोमचा तुकडा नेला होता. कॅमेऱ्याच्या जादा बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवल्या होत्या. आम्ही दगडगोट्यांच्या काठावर उत्तरेकडे तोंड करून उभे होतो. समोर काळे पाणी, पलीकडे दिव्यांची वस्ती जवळजवळ नाही. दक्षिण काठाचा हाच मोठा फायदा.

सुरुवातीला क्षितिजालगत फिकट पांढुरकी कमान दिसली. तो ढग आहे की प्रकाश, हे डोळ्यांनी ठरेना, म्हणून भावाने पाच सेकंदांचे चित्र घेतले आणि पडद्यावर ती कमान हिरवी उमटली. बराच वेळ ती तशीच स्थिर राहिली. मग तिची खालची कड ठळक झाली, तिच्यात उभ्या रेघा फुटल्या आणि त्या रेघा पूर्वेकडून पश्चिमेकडे पळू लागल्या. ‘ताई, वर बघा, वर!’ असे भाऊ ओरडला तेव्हा पट्टा डोक्यावर आला होता. आता हिरवा रंग डोळ्यांना स्वच्छ दिसत होता, आणि हलत्या कडेखाली गुलाबी-जांभळी किनार क्षणभर चमकून जाई. काही क्षण सगळे किरण माथ्यावरच्या एकाच बिंदूतून खाली पसरल्यासारखे दिसले. या आकाराला कोरोना, म्हणजे मुकुट, म्हणतात; तो चुंबकीय रेषांकडे थेट खालून पाहिल्यामुळे दिसतो. पाण्यावर वाऱ्याच्या लाटा होत्या, त्यामुळे प्रतिबिंब तुटक-तुटक हिरव्या काड्यांसारखे हालत होते. मला रडू आले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. हे सारे दहा-पंधरा मिनिटांत ओसरले आणि आकाशभर विझत-उजळत राहणारे फिकट ठिपके उरले. पुष्कळजण या वेळी खोलीवर परततात. आम्ही थांबलो, आणि मध्यरात्रीनंतर पुन्हा एकदा कमान उजळली.

खोलीवर परतताना कॅमेरा बाहेरच प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधावे. आपल्याकडे पावसाळ्यात वातानुकूलित खोलीतून बाहेर आल्यावर काचेवर जशी वाफ धरते, तशी तिथे उबदार खोलीत शिरताच धरते.

घरी आल्यापासून सगळे विचारतात की फोटोत दिसते तसे खरेच दिसते का. प्रामाणिक उत्तर असे की काही खरेच तसे दिसते आणि काही नाही. हिरवा रंग ऑक्सिजनच्या अणूंचा, १०० ते १५० किलोमीटर उंचीवरचा, आणि प्रकाश पुरेसा तेजस्वी झाला की तो डोळ्यांना कळतो. प्रकाश मंद असेल तेव्हा डोळ्यातील फक्त दंडपेशी काम करतात आणि त्यांना रंग ओळखता येत नाहीत, म्हणून कमान राखाडी वाटते. २०० किलोमीटरच्या वरचा ऑक्सिजनचा लाल रंग भावाच्या अनेक चित्रांत आहे. माझ्या डोळ्यांना तो एकदाही दिसला नाही. मे २०२४ च्या मोठ्या सौरवादळात लडाखमधील हानले येथे टिपला गेला तोही लालच होता. जुन्या शाळेत मुलांना चित्रे दाखवायला गेले, तेव्हा प्रत्येक चित्राखाली मी दोन ओळी लिहून नेल्या: कॅमेऱ्याने किती सेकंद प्रकाश साठवला, आणि त्या वेळी डोळ्यांना काय दिसत होते. मुलांनी चित्रांपेक्षा त्या ओळींवरच अधिक प्रश्न विचारले.