नाशिकची पिकअप आणि टेनेसीचे शेतकरी

अमेरिकेत राहणाऱ्या भारतीयाला अनोळखी माणसं काय विचारतात? योगा, करी, कॉम्प्युटर. मी टेनेसीत खेडेगावाजवळ राहायला आलो आणि 2008 च्या सुमाराला माझ्या वाट्याला भलताच प्रश्न येऊ लागला: "तुमच्याकडची ती डिझेल पिकअप खरंच येणार आहे का?"

ही पिकअप म्हणजे महिंद्राची, नाशिकला बनणाऱ्या आपल्या स्कॉर्पिओच्या सांगाड्यावरची. 2006 साली महिंद्राने जॉर्जिया राज्यातल्या ग्लोबल व्हेइकल्स नावाच्या कंपनीशी करार केला होता. गाडी भारतात बनणार आणि ही कंपनी ती अमेरिकेत विकणार. दोन दारांची टीआर20, चार दारांची टीआर40, दोन्हींत 2.2 लिटरचं डिझेल इंजिन. तीनशेहून जास्त डीलरांनी पैसे भरून नावं नोंदवली होती.

इथल्या शेतकऱ्यांना महिंद्रा हे नाव नवं नव्हतं. कंपनीचे लाल ट्रॅक्टर 1994 पासून अमेरिकेत विकले जातात, आमच्या आजूबाजूच्या कुरणांवर ते सर्रास दिसतात. आमचे एक शेजारी गुरं पाळतात. वय सत्तरीचं, बोलणं कमी. त्यांनी पिकअपची माहिती छापून घेतली होती आणि तो कागद गाडीतल्या उन्हाच्या पट्टीमागे खोचून ठेवला होता. टनाहून जास्त वजन हौद्यात घालता येईल, ही ओळ बॉलपेनने दोनदा अधोरेखित केलेली. भेटले की कागद बाहेर निघायचा आणि माझी उलटतपासणी सुरू व्हायची.

नाशिकच्या वाचकांना वाटेल, अमेरिकेत कसला पिकअपचा तुटवडा! दर दुसऱ्या घरासमोर एक उभी असते. पण त्या काळात इथे डिझेल हवं असेल तर घोड्याएवढी उंच, सहा-साडेसहा लिटर इंजिनाची अवजड पिकअपच घ्यावी लागे. फोर्ड, डॉज, शेवरले, तिघांचंही तेच. मध्यम आकाराच्या सगळ्या गाड्या पेट्रोलच्या. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला इसुझू, टोयोटा, डॅटसन, फोक्सवॅगन असे सगळेच छोट्या डिझेल पिकअप विकायचे. पेट्रोल स्वस्त झालं आणि त्या गेल्या. शेजाऱ्यांकडे त्यातलीच एक होती, तळ गंजून रस्ता दिसायला लागलेली, पण इंजिन ठणठणीत. त्यांना तिच्याच जातीची नवी गाडी हवी होती. चार वासरं, गवताचे गठ्ठे, कुंपणाचे खांब, एवढंच काम.

2008 च्या उन्हाळ्यात डिझेल गॅलनला (म्हणजे सुमारे पावणेचार लिटरला) पावणेपाच डॉलरच्या घरात गेलं तेव्हा ही तहान आणखी वाढली.

गंमत म्हणजे वाट पाहणाऱ्यांत आपले लोक जवळजवळ नव्हते. गणपतीत मंडळी जमली की मी विषय काढायचो आणि कॅमरी-अकॉर्डवाले मित्र हसायचे. "अरे, ती घेऊन ऑफिसला जाणार का? लोक म्हणतील टेम्पो आणला." परदेशात भारतीय वस्तूचा अभिमान आपल्याला मसाल्यांपुरता असतो, गाडी मात्र जपानी लागते, असं माझं मत तेव्हाच झालं. आजही फारसं बदललेलं नाही.

माझे मामा नाशिकच्या सातपूरला सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात होते. रविवारच्या फोनवर त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "काय रे, पोचली का आपली गाडी?" मग मी शेजाऱ्यांच्या शंका त्यांच्यापुढे ठेवायचो. टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, किती टिकतो? डोंगरात ट्रेलर ओढताना तापेल का? मामा शांतपणे सांगायचे, "त्यांना म्हणावं ऑइल वेळेवर बदला. आणि चढ चढून आल्यावर लगेच किल्ली फिरवायची नाही, अर्धा मिनिट आयडलिंगवर ठेवायची. टर्बोला तेल मिळत राहिलं पाहिजे." मी भाषांतर करून सांगायचो. शेजारी मान डोलवायचे आणि कागदाच्या मागे लिहून घ्यायचे. सातपूर आणि टेनेसी यांच्यात असा पत्रव्यवहार चालला होता, गाडीचा पत्ता नसताना.

गाडी का येत नव्हती, याची मुळं खोल आहेत आणि त्यातलं एक चक्क कोंबडीत आहे. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेची स्वस्त कोंबडी युरोपात जाऊ लागली, तिथल्या कुक्कुटपालकांनी ओरड केली आणि फ्रान्स, पश्चिम जर्मनीसह तिथल्या देशांनी जकात वाढवली. उत्तर म्हणून अध्यक्ष जॉन्सन यांनी डिसेंबर 1963 मध्ये बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक यांवर 25 टक्के आयात कर लावला. बाकीच्यांवरचा पुढे उठला, ट्रकवरचा राहिला. साध्या मोटारीवर अनेक वर्षं अडीच टक्के, पिकअपवर पंचवीस! लोक याला आजही कोंबडी-कर म्हणतात. तो चुकवायला कंपन्यांनी काय काय केलं! सुबारूने पिकअपच्या हौद्यातच दोन खुर्च्या बसवल्या, म्हणजे ती प्रवासी गाडी ठरावी. फोर्ड तुर्कस्तानातून छोट्या व्हॅन मागची सीटं लावून आणायची आणि बंदरातून सुटल्यावर ती काढून टाकायची. त्या प्रकरणात फोर्डने 2024 मध्ये 36 कोटी 50 लाख डॉलर भरून तडजोड केली. महिंद्राच्या बाबतीत सुटे भाग आणून इथे गाडी जोडायची असा विचार होता.

दुसरी भिंत धुराची. इथे डिझेलला पेट्रोलपेक्षा वेगळी सवलत नाही. नायट्रोजनच्या ऑक्साइडची मर्यादा तेव्हा ढोबळमानाने मैलाला 0.07 ग्रॅम, म्हणजे किलोमीटरला साधारण 0.04. आपल्याकडे 2010 साली तेरा शहरांत लागू झालेल्या भारत स्टेज 4 या धुराच्या नियमांत डिझेल कारला किलोमीटरला पाव ग्रॅमपर्यंत मुभा होती. पाच-सहा पट फरक! ज्वलन थंड ठेवलं तर हा वायू कमी होतो पण काजळी वाढते, आणि काजळी जाळायला गेलं की इंधन जास्त लागतं. एकीकडे दाबलं की दुसरीकडे फुगतं. इथे भारतीय इंजिनाला नावं ठेवण्यात अर्थ नाही, याच नियमांपुढे जर्मन कंपन्यांचीही दमछाक झाली.

दरम्यान तारखा पुढे सरकत राहिल्या. आधी 2008 अखेर, मग 2009, मग 2010. आमच्या भागातला एक डीलर दर वेळी "पुढच्या तिमाहीत" म्हणायचा. त्या बिचाऱ्यालाही वरून तेच सांगितलं जात असणार.

ऑगस्ट 2010 मध्ये धुराची मंजुरी मिळाली. त्यासोबत सरकारी अ‍ॅव्हरेजही आलं: शहरात गॅलनला 19 मैल, महामार्गावर 21. लोक तीसच्या आशेवर होते. आपल्या हिशेबात पावणेतेराच्या जागी लिटरला साडेआठ किलोमीटर. शेजाऱ्यांनी कागद काढला, आकडा लिहिला आणि "हं" एवढंच म्हणाले. त्याच सुमाराला महिंद्राने करार संपल्याचं जाहीर केलं. वाद लंडनच्या लवादाकडे गेला, 2012 मध्ये निकाल महिंद्राच्या बाजूने लागला, मग डीलर कोर्टात गेले. गाडी कुठल्याच शोरूममध्ये पोचली नाही.

मामांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "जाऊ दे, ऑस्ट्रेलियात विकतायत ना." ते खरंच होतं, तिथे ती 2007 पासून विकली जात होती.

पुढे 2018 मध्ये महिंद्राने मिशिगनमध्ये जोडलेली रॉक्सर आणली. आपल्या जुन्या जीपसारखी दिसणारी, 2.5 लिटर डिझेल, पण फक्त शेतात-रानात चालवायची, रस्त्यावर बंदी. जीपवाल्यांनी तिच्या तोंडावळ्यावरून खटला भरला तो वेगळाच. शेजारी बघायला गेले, बसून पाहिलं, परत आले. सामान आणायला गावात नेता येत नाही म्हटल्यावर त्यांना रस उरला नाही.

शेवटी त्यांनी जपानहून जुनी डिझेल हायलक्स मागवली. परदेशी गाडी पंचवीस वर्षांची झाली की इथल्या सुरक्षा नियमांतून सुटते. ती उजव्या स्टिअरिंगची असल्यामुळे पहिल्या दिवशी किल्ली माझ्या हातात दिली गेली. डाव्या हाताने गिअर टाकायची सवय इतक्या वर्षांनी कामाला आली, फक्त वायपरच्या जागी इंडिकेटर चालू होत होता. मी त्यांना म्हटलं, याच नियमाने ऑस्ट्रेलियातली 2007 ची महिंद्रा पिकअप 2032 मध्ये इथे आणता येईल. त्यांनी मनातल्या मनात स्वतःचं वय मोजलं आणि विचारलं, "तिकडे समुद्राच्या हवेने गंजतात का रे गाड्या? मामांना विचार."